रांजण रिकामा करायचा शुक्रवार

नागावच्या किनाऱ्याकडे जाणारी सडक सुपारीच्या वाड्यांची सावली सोडून उन्हात येते, तिथेच डाव्या हाताला बुद्धवाडी लागते. आणि वाडीच्या तोंडाशी, करंजाच्या झाडाखाली, भिकूचा रांजण. कमरेइतका उंच, पोट सुटलेला, बूड वाळूत रुतवून बसलेला. वर फळीचं झाकण, झाकणावर स्टीलचे पेले आणि लांब दांड्याचं ओगराळं. येत्या-जात्यानं झाकण सरकवावं, पेला भरावा, घसा ओला करावा नि वाटेला लागावं. विचारायचं कुणाला नाही, आभार मानायचे कुणाचे नाहीत.

रांजण बसवला भिकूच्या बापानं, भागोजीनं. भागोजी मिसरूड फुटायच्या वयात चालत महाडला गेला होता, तळ्याचं पाणी प्यायला. पाणी प्याला आणि डोक्यात काठी खाऊन घरी आला. म्हातारपणी टाळूवरचा वण चाचपत तो म्हणायचा, "एक घोट पानी, पन जनमभर पुरलं बघ." जाताना त्यानं पोराला जमीन दिली नाही, कारण नव्हती. एवढंच म्हणाला, "रांजन सुकू देऊ नको. आपल्या दारावरनं कुनी तहानेला जाता कामा न्हाय."

भिकूनं तो शब्द पाळला, आणि जरा जास्तच पाळला. रोज पहाटे विहिरीवरून दोन हंडे आणून तो रांजणात ओतायचा, पाण्यावर पाणी. जितकं लोक प्यायचे तितकं वर पडायचं. रांजण अर्ध्याच्या खाली कधी गेलाच नाही, त्यामुळे तो घासायचा प्रश्नच कधी आला नाही. पाणी ओतून टाकणं ही गोष्ट भिकूच्या लेखी पोराला घराबाहेर काढण्यासारखी होती. त्याची बायको बायजाबाई रांजणाला सवत म्हणायची. "माझी उठबस केली न्हाय कधी," ती म्हणायची, "पन हिला रोज आंघोळ घालतो."

रांजणाचं पाणी सगळ्यांनी प्यायलं होतं. थळच्या कोळणी प्याल्या, पुण्या-मुंबईचे पर्यटक प्याले, निवडणुकीचे उमेदवार फोटोसाठी प्याले. एक रावजी तेवढा राहिला होता. रावजी वरच्या पाड्यातला, भिकूच्या वयाचा, सडकेपलीकडे त्याचं वालाचं शेत. दिवसातून दोनदा तो रांजणावरून जायचा आणि दोन्ही वेळा भिकू विचारायचा, "रावजी, पानी?" रावजी म्हणायचा, "आत्ताच पिऊन आलो." चाळीस वर्षं सतत आत्ताच पिऊन आलेला माणूस तालुक्यात दुसरा नसेल. भिकू समजायचं ते समजून होता. तरी रोज विचारायचा. विचारणं आपल्या हातात, पिणं त्याच्या हातात.

हे असं सुखात चाललं होतं. मग थंडी यायची बंद झाली.

पूर्वी दिवाळी सरली की खाडीवरून गार वारा सुटायचा, गोधड्या उन्हात पडायच्या आणि डास कुठे जायचे ते जायचे. आता थंडी यायची ती नव्या नवरीसारखी, दोन दिवस तोंड दाखवून माहेरी पळायची. यंदा तर डिसेंबरात धो धो पाऊस झाला, आंब्याचा मोहोर काळा पडला, आणि वाडीत चार घरांत ताप शिरला. नाताळच्या हप्त्यात, धंद्याच्या ऐन दिवसांत, भिकूचा मुलगा सनी डेंग्यूनं आडवा झाला. त्याची रिक्षा दारात, तो अलिबागला दवाखान्यात. प्लेटलेट हा शब्द बायजाबाईला तेव्हा पाठ झाला. सनी बरा होऊन आला तो अर्धा होऊन. बायजाबाई, जिला जात्यावर बसायला जातं उरलं नव्हतं पण ओवी थांबत नव्हती, तांदूळ निवडता निवडता म्हणाली,

"पावसाचा गं पाहुना, दिवाळीला निरोप घेई
औंदा डास मेला बाई, झाला माझा घरजावई."

सनीची बायको जयमाला गावची आशाताई. हातात टॉर्च, खांद्याला पिशवी, आणि कुणाच्याही घरात डोकावायचा तिला सरकारी हक्क. तिनं चुलतसासूच्या फ्रिजमागचा ट्रे ओढून काढला होता. सरपंचाच्या गच्चीवरचे टायर खाली फेकायला लावले होते. दर शुक्रवारी वाडीत कोरडा दिवस पाळायचा, म्हणजे घरातलं एकूण एक भांडं रिकामं करून, घासून, उन्हात उपडं घालायचं, हा नियम तिनंच लावला. बायका तिच्या नावानं बोटं मोडायच्या आणि भांडी उपडी घालायच्या. फक्त एका भांड्यात जयमालानं टॉर्च कधी मारला नव्हता. सासऱ्याच्या. तिच्या फॉर्मवर प्रत्येक शुक्रवारी पहिल्या ओळीत लिहिलेलं असायचं, घर क्रमांक एक, डासाची आळी नाही. लिहिताना तिचं पेन जरा अडखळायचं, इतकंच.

जानेवारीच्या तिसऱ्या हप्त्यात तालुक्याहून निकेत आला. हिवताप-डेंग्यूचं काम त्याच्याकडे. पोरगा तिशीचा, गळ्यात ओळखपत्र, चेहरा रडवेला. पूर्वी त्याच्या कामाचा मोसम दिवाळीला संपायचा, म्हणून त्यानं लग्न जानेवारीत धरलं होतं. डासांमुळे ते दोन वर्षं पुढे गेलं होतं.

त्यानं रांजणाचं झाकण सरकवलं, टॉर्च मारला, आणि म्हणाला, "बाबा, या इकडे. बघा."

भिकूनं डोकं घातलं. पाण्यात शेकडो बारके जीव वर-खाली वळवळत होते. भिकूचा चेहरा उजळला.

"हे व्हय? हे हायत की. दिवाळीपासनं हायत. उजेड पडला की तळाला पळत्यात, पेल्यात येत न्हाईत. पानी जितं असल्याची खून ही. मेल्या पान्यात काय जगनार?"

"बाबा, ही डासाची आळी आहे. डेंग्यूच्या."

"खुळा की काय तू? डास गटारात व्हतो. हे माझं पानी निवळशंख हाय."

"हाच तर घोळ आहे," निकेत म्हणाला. "या डासाला स्वच्छच पाणी लागतं. चावतोसुद्धा दिवसा."

"म्हंजे दहा ते पाच?"

"साधारण."

"सरकारी हाय म्हन की," भिकू म्हणाला.

जयमाला मागे उभी होती, तिनं पदर तोंडाला लावला. निकेत काही हसला नाही. त्याला घामानं सुचत नव्हतं. "हे बघा, ऊन वाढलं की आळीचा डास लवकर होतो. आधी पंधरा दिवस लागायचे तिथं आता आठ. थंडीत मरायचे, तर थंडीच नाही. तुमच्या या रांजणातून आठवड्याला निदान दोनशे डास उडतात. आपण हा आत्ता ओतून टाकू."

त्यानं बाही वर सारली आणि रांजणाच्या काठाला हात लावला. भिकू शांतपणे पुढे झाला आणि रांजणाला मिठी मारून उभा राहिला.

"माझ्यासकट ओत," तो म्हणाला.

"आबा," जयमाला म्हणाली, "निदान नारळाच्या मुळाशी घालू या. वाया नाही जाणार."

"नारळाला पाटाचं पानी हाय. हे मानसाचं पानी. माझ्या बापानं डोकं फोडून घेतलं ते नारळाला पाजाया?"

निकेतनं काठावरचा हात मागे घेतला. त्यानं फॉर्म काढला. पंचायतीचा ठराव होता: एकदा आळी सापडली तर ताकीद, दुसऱ्यांदा सापडली तर भांडं उचलायचं. "पुढच्या शुक्रवारी अकरा वाजता येतो," तो म्हणाला. "रांजण कोरडा ठणठणीत पाहिजे. नाहीतर टेम्पो घेऊन येईन. माझा नाइलाज आहे, बाबा." जाताना त्याला काय वाटलं कोण जाणे, त्यानं बॅगेतून दहा गप्पी माशांची पाण्याची पिशवी काढून जयमालाच्या हातात दिली. "तोवर हे सोडा. आळी खातात."

भिकूला मासे आवडले. पाणी ओतायचं नाही आणि साहेबही खूश, याहून काय पाहिजे? त्यानं त्यांना रांजणात सोडलं आणि वर झाकण ठेवलं. शनिवारी सकाळी पहिली गाडी थांबली. पुण्याच्या बाईंनी पेला भरला, तोंडाजवळ नेला, आणि पेल्यातून एकानं त्यांच्याकडे पाहिलं.

"अहो काका, यात मासा आहे."

"हाय ना," भिकू म्हणाला. "त्याचं काय घेत न्हाय आपन."

बाई गेल्या. दुपारी थळच्या कोळणी पाट्या घेऊन परतताना थांबल्या. एकीनं झाकण सरकवलं, आत पाहिलं, दुसरीला बोलावलं. "भिकूदादा," ती म्हणाली, "मासं घातलंस, आता मीठमसाला कधी घालनार?" रविवारी संध्याकाळपर्यंत रांजण काठोकाठ भरलेला राहिला. असं कधी झालं नव्हतं. लोक थांबायचे, फोटो काढायचे, आणि बाटलीचं पाणी पीत पुढे जायचे. सोमवारी भिकूनं बायजाबाईच्या जुन्या लुगड्यातून सगळं पाणी गाळलं, मासे विहिरीत सोडले, पाणी परत रांजणात घातलं. आळी एकही नव्हती; गप्पींनी काम चोख केलं होतं. भिकूला वाटलं, सुटलो.

बुधवारी संध्याकाळी जयमालानं त्याला हाताला धरून रांजणाशी नेलं आणि टॉर्च मारला. पाण्यात पुन्हा वळवळत होतं. नवी, बारीक, सुतासारखी.

"आता गं? मासं तर समदं खाऊन गेलं."

"अंडी भिंतीला चिकटलेली असतात, आबा. पाण्याच्या काठाला. पाणी चढलं की उबतात. ओतून, आतून घासून काढल्याशिवाय जात नाहीत." तिनं टॉर्च काखेत धरला. मग तिनं पिशवीतून फॉर्मचा गठ्ठा काढला. "आबा, हे बघा. दर शुक्रवारी मी लिहिलंय, घर क्रमांक एक, आळी नाही. न बघता. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून. लोकांच्या घरात शिरून मी त्यांची पिंपं ओतली, नि आपल्या दारात..."

"तुजा काय दोष."

"सनीला कुठल्या डासानं चावलं, ते कुणी सांगू शकत नाही," जयमाला म्हणाली. "पण तो रोज दुपारी जेवून कुठं पडतो?"

सनी रोज दुपारी करंजाखाली बाज टाकून, रांजणाला पाठ लावून झोपायचा.

भिकू खाली वाळूत बसला. सुपारीच्या वाडीतून वारा आला तोही कोमट. बराच वेळ त्यानं रांजणाच्या पोटावर हात ठेवला होता, जसा आजारी माणसाच्या कपाळावर ठेवतात. मग तो म्हणाला, "रांजन रिकामा व्हईल."

"मी ओतते. तुम्ही घरात जाऊन बसा."

"ओतायचा न्हाय. मातीत एक थेंब जानार न्हाय. पाजून रिकामा करायचा."

"आबा, सहा हंडे पाणी आहे यात."

"शुक्रवारी अकरापत्तोर येळ हाय ना?"

जयमालानं अट घातली: पाणी आधी दुहेरी फडक्यानं गाळायचं, क्लोरीनचे थेंब टाकायचे आणि आता वरून एक तांब्याही घालायचा नाही. भिकूनं मान डोलावली. गुरुवारी पहाटे तो सवयीनं हंडा उचलून विहिरीकडे निघाला, अर्ध्या वाटेवर थांबला, आणि रिकामा हंडा घेऊन परत आला. बायजाबाईनं ते दारातून पाहिलं. एक ओवीही न म्हणता ती आत गेली, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

गुरुवारी दिवसभरात दीड हंडा गेला. नेहमीपेक्षा जास्त, पण पुरेसा नाही. रात्री जेवताना भिकूनं सुस्कारा सोडला. "मानूस दोन पेल्याच्या वर पीत न्हाय गं. तहान लागाय पायजे."

"तहान काय, मी लावते," बायजाबाई म्हणाली.

शुक्रवारी सहालाच तिनं चूल पेटवली आणि सुका जवळा भाजायला घेतला. वर लसूण, लाल मिरची आणि मीठ घातलं. मग थोडा विचार करून आणखी मीठ घातलं. तांदळाच्या भाकरीचे तुकडे, त्यावर चिमूटभर जवळा, असं ताट भरून तिनं ते रांजणाशेजारी मांडलं. वास सडकेपर्यंत गेला. पहिला दूधवाला थांबला, एक तुकडा खाल्ला, डोळ्यांतून पाणी आलं, आणि चार पेले पिऊन गेला.

"बघ," बायजाबाई म्हणाली. "तुज्या बापाला हे सुचलं न्हाय."

मग ओघ लागला. ऊनही जानेवारीतलं असून चैतासारखं तापत होतं. ज्या उन्हानं डास वाढवले त्यानंच आज पाणी प्यायला माणसं आणून दिली. सनी अजून अशक्त होता, पण त्यानं रिक्षा काढली आणि अलिबागहून येणारी प्रत्येक सवारी करंजाखाली उतरवायला सुरुवात केली. "पाच मिनिटं, इंजिन गरम झालंय," तो म्हणायचा, "तोवर आईच्या हातचा जवळा खाऊन घ्या." घाईतला एक माणूस म्हणाला, "इंजिन तर बंदच आहे." सनी म्हणाला, "म्हणूनच सांगतो, किती गरम झालं असेल." कोळणी आल्या, त्यांनी जवळ्याला नावं ठेवत दोन दोन वेळा खाल्ला. पोस्टमन आला. अंगणवाडीच्या बाई आल्या. भिकू प्रत्येकाला पेला भरून देत होता आणि पेला रिकामा होईपर्यंत त्याच्या तोंडाकडे पाहत होता. "आनखी? लाजू नको. आज लाजायचं न्हाय."

साडेनऊला तीन हंडे गेले. दहाला चार. मग वाडीनं हात टेकले. पोस्टमन करंजाला टेकून बसला होता आणि हलला की आतून आवाज येत होता. अंगणवाडीच्या बाई म्हणाल्या, "भिकूआबा, आता डोळ्यांपर्यंत आलंय हो." सनी आठव्या पेल्यावर रिक्षात आडवा झाला. साडेदहा वाजले. रांजणाच्या तळाशी अजून तीन-चार तांबे पाणी होतं, ओगराळं खडखडत होतं, आणि सडक दोन्ही बाजूंनी मोकळी होती.

तेवढ्यात वालाच्या शेंगांचं ओझं डोक्यावर घेऊन रावजी आला.

भिकूच्या तोंडून सवयीनं निघालं, "रावजी, पानी?"

"आत्ताच पिऊन आलो," रावजी म्हणाला आणि चालू लागला.

जयमाला वाटेत आडवी आली. "रावजीकाका, आज नका असं करू. अर्ध्या तासात रांजण उचलायला येतील. वाडीतल्या कुणाच्या पोटात आता थेंब मावत नाही. एवढे तीन-चार तांबे राहिलेत."

रावजीनं ओझं खाली उतरवलं. भिकूकडे पाहिलं, रांजणाकडे पाहिलं, मग आजूबाजूच्या बायकांकडे पाहून आवाज खाली आणला. "पोरी, मी प्यायलो असतो गं. पन मला तो त्रास हाय. म्हाताऱ्यांना असतो तो. डागदर बोलला, घरापासनं लांब जाताना पानी बेतानं. एक पेला प्यालो तर घरापत्तोर तीनदा बसाय लागतं."

तरी बायकांनी ते ऐकलंच. मग एक कोळीण फिस्सकन हसली आणि सगळी वाडी हसायला लागली. पोटात पाणी असल्यामुळे सगळ्यांना ते जड जात होतं. भिकू हसला नाही. तो रावजीच्या पुढ्यात येऊन उभा राहिला.

"म्हंजे जातीचं न्हाय?"

"जात कसली, लघवी."

"कवापासनं हाय तुला हे?"

"झाली की सात-आठ वर्सं."

"आनि त्याच्या आदी?" भिकूनं विचारलं. "तीस-बत्तीस वर्सं तू काय बसत व्हतास?"

रावजीनं डोक्यावरचं फडकं काढलं, झटकलं, पुन्हा डोक्यावर ठेवलं. तो वालाच्या ओझ्यावरच बसला.

"त्याच्या आदी," तो म्हणाला, "तुला जे वाटतं तेच व्हतं. आधी आई बघायची वाटेवर. मग बायको बघायची. मग दोघी गेल्या, तवर सवय झालती. आनि मग हा त्रास लागला तवा मला बरं वाटलं बघ. म्हटलं, आता खरं कारन हाय."

भिकू त्याच्याकडे पाहत राहिला. राग यायला हवा होता, आणि तो येत होताही. पण रांजणात पाणी होतं आणि सडकेच्या वळणावर कुठेतरी निकेतची मोटारसायकल होती. रागाला वेळ नव्हता.

"किती तहान लागते रं तुला, चाळीस वर्सांची?" तो म्हणाला.

रावजीनं सुस्कारा सोडला. "दे. पन आधी सांग, तुज्याकडं संडास हाय?"

"हाय. अनुदानाचा. वर टाइल्स लावल्यात."

"कुठल्या बाजूला?"

"घरातनं मागं."

"मग भर."

त्यानं पहिला पेला डोळे मिटून प्यायला, औषध प्यावं तसा. दुसरा पेला डोळे उघडे ठेवून. तिसऱ्याला म्हणाला, "पानी गोड हाय रं तुज्या हिरीचं." चौथ्याच्या आधी त्यानं जवळ्याचा तुकडा मागून घेतला. बायजाबाईनं मीठ जरा जास्त असलेला शोधून दिला. सहाव्या पेल्यानंतर तो घाईनं उठला, पायताण अंगणात सोडलं आणि भिकूच्या घराचा उंबरा धावत ओलांडला. परत आला, सातवा प्याला, पुन्हा गेला. तिसऱ्या खेपेला तर त्यानं वाटही विचारली नाही. त्याच्या येण्या-जाण्यात तळचं पाणी संपलं. शेवटचा पेला भिकूनं स्वतः प्यायला आणि रिकामं ओगराळं जमिनीवर ठेवलं.

"घासायचं राहिलं," जयमाला म्हणाली. "दहा मिनिटं आहेत."

नारळाचं सोडण हातात घेऊन भिकू रांजणात डोक्याकडून उतरला. बाहेर फक्त त्याचे पाय उरले. ते जयमाला आणि पोस्टमननं धरले. आतून घासण्याचा खरखर आवाज येत होता आणि मध्येच घुमणारं बोलणं. "हितं गाळात दोन पेले रुतलेत गं. मी उगीच बारा वर्सं एसटीच्या कंडक्टरला चोर म्हनलो." बायजाबाईनं कमरेवर हात ठेवून ते दृश्य पाहिलं आणि गळा साफ केला.

"पन्नास वर्सांचा संसार, मन न्हाय गं घरात
आज म्हातारा शिरला, सवतीच्या उदरात."

"ऐकू येतंय मला," रांजण म्हणाला.

अकरा वाजून दहा मिनिटांनी निकेत आला. टेम्पो मागे सडकेवर उभा होता. त्यानं कुणाशी न बोलता झाकण उचललं, टॉर्च आत फिरवला, हात घालून भिंत चाचपली. हाताला काही लागलं नाही. वाळू, कोरडी माती आणि ऊन. त्यानं रांजणाकडे पाहिलं, मग वाडीकडे. करंजाखाली डझनभर माणसं पोट धरून आडवी पडली होती.

"काय झालं यांना?"

"काय न्हाय," भिकू म्हणाला. त्याच्या केसांत माती होती. "कोरडा दिवस पाळला."

निकेतनं फॉर्मवर खूण केली, टेम्पोवाल्याला हातानं जायला सांगितलं. मग खांद्यावरची बॅग उतरवली. पहाटेपासून तो सहा गावं फिरला होता आणि त्याची बाटली पहिल्या तीन गावांत संपली होती. "रांजण राहू दे, बाबा," तो म्हणाला. "दर शुक्रवारी असंच. आता जरा प्यायला पाणी मिळेल का?"

भिकूनं रांजणाकडे पाहिलं. मग घराकडे. घरात जयमालानं सकाळीच माठ, कळशी, पिंप, सगळं घासून उपडं घातलं होतं. शेजारी तेच, पलीकडे तेच. वाडीभर अंगणांत भांडी पालथी पडून ऊन खात होती. नळाला पाणी संध्याकाळी. बुद्धवाडीत प्यायला एक घोट नव्हता, आणि दारात माणूस तहानेला उभा होता. भिकूचा चेहरा असा उतरला की जयमाला घाबरली.

"चल," तो निकेतला म्हणाला आणि हंडा न घेताच विहिरीकडे निघाला, जवळपास धावत.

त्यानं बालदी सोडली, दोर ओढला. बालदी वर येताना पाणी सांडत होतं, त्या आवाजानंच निकेतचा घसा हलला. बालदी काठावर आली तशी तो वाकला आणि त्यानं दोन्ही हातांची ओंजळ पुढे धरली.

भिकू थांबला. "असं नको."

"चालेल हो बाबा, ओता."

"मला न्हाय चालत. माज्या बापाला लोक वरनं पानी ओतायचे, हात असे धरून उभं करून. शिवायला नको म्हनून. आपल्या हितं वरनं कुनाला ओतत न्हाय. थांब, पेला येतो."

"बाबा, जीव चाललाय माझा."

"जात न्हाय. आमचा गेला न्हाय." त्यानं वाडीकडे तोंड करून हाक दिली. "बाय, पेला आन."

त्यांना अंगणातून बायजाबाई निघालेली दिसत होती. तिच्या पोटातही सहा पेले होते, त्यामुळे ती बेतानं चालत होती. निकेत बालदीकडे पाहत होता, भिकू बायजाबाईकडे. मध्ये ती थांबली, पेला पदरानं पुसला, पुन्हा निघाली. तिच्या मागून, चौथ्यांदा उंबऱ्यातून बाहेर पडलेला रावजी फडक्याला हात पुसत येत होता.

पेला आला. भिकूनं तो बालदीत बुडवला, भरून निकेतच्या हातात दिला. निकेत प्याला. दुसरा प्याला. तिसरा संपेपर्यंत त्याच्या चेहऱ्यावरचा रडवेलेपणा जरा धुऊन निघाला, आणि तो विहिरीच्या काठावर बसला.

"पुढच्या शुक्रवारी किती वाजता येनार?" भिकूनं विचारलं.

"अकराला. का?"

"दहाला ये," भिकू म्हणाला. "जवळा गरम असतो, नि आम्हाला तेवडाच एक मानूस वाडतो."